मळ्यांतील दिवे आणि बॅटरीचा जमाखर्च

जुन्नर तालुक्यांत आमच्यासारखे जे शेतकरी गांव सोडून मळ्यांत वस्ती करून राहतात, त्यांस रात्रीच्या दिव्याचें महत्त्व सांगावयास नको. कुकडीच्या कालव्यांचें पाणी आलें, उंसाचें क्षेत्र वाढलें, आणि उंसाच्या आडोशानें बिबट्याही घरालगत नांदूं लागला. शेतीपंपाची वीज पुष्कळ ठिकाणीं अद्याप पाळीपाळीनें मिळते. रात्रीची पाळी आली म्हणजे दारें धरावयास अंधारांतच जावें लागतें. घरगुती वीज असली तरी वळिवाच्या पहिल्या झोडप्यास ती जी जाते, ती केव्हां येईल ह्याचा नेम नसतो. ह्या कारणानें आमच्या मंडळाच्या कित्येक सभासदांनीं गेल्या कांहीं वर्षांत छपरावर सूर्यप्रकाशावर चालणारीं पॅनेलें व खालीं शिशाची बॅटरी बसविली. त्यांपैकीं पुष्कळांची बॅटरी दोन पावसाळे काढण्यापूर्वींच बसली, आणि दोष कोणी सूर्यास, कोणी दुकानदारास, तर कोणी आपल्या नशिबास लाविला. आमचीही गत तीच झाली. तिचा हिशेब आम्हीं नंतर स्वस्थपणें मांडला, तो येथें देत आहों.

आमची उभी नोकरी तहसील कचेरींत पीकपाहणीचे व वसुलीचे तक्ते जुळविण्यांत गेली. शास्त्राचें शिक्षण म्हणाल तर शाळेपुरतेंच. तेव्हां पुढील मजकुरांत कांहीं पांडित्य नाहीं; आकडे मात्र तपासून घेतलेले आहेत.

प्रथम काय घडलें तें सांगतों. सेवानिवृत्तीनंतर माघ महिन्यांत आम्हीं मळ्यांतील घरावर १०० वॅटचीं दोन पॅनेलें बसवून घेतलीं व त्यांवर १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची एक ट्युब्युलर बॅटरी ठेविली. विक्रेत्यानें सांगितलें, "एवढ्यांत सर्व भागेल," आणि चैत्र-वैशाखांत तें भागलेंही. गोठ्याबाहेरचे दोन दिवे रात्रभर जळत, घरांत दोन जळत, पंखा फिरे. श्रावणांत झड लागली. सहा दिवस सूर्य दिसला नाहीं. सातव्या रात्रीं केव्हां तरी दिवे विझले; आम्ही झोपेंत होतों, कोणास कळलें नाहीं. पहांटे घरच्या मंडळी धारेस गेल्या तों गोठ्यांतील कालवड नाहीं, आणि ओल्या मातीवर उंसाकडे ओढून नेल्याची खूण. वनखात्यानें पंचनामा केला व नियमाप्रमाणें भरपाईही मिळाली. पण त्या कालवडीची आई विण्याच्या वेळींच गेली होती. तिला घरच्या मंडळींनीं बाटलीनें दूध पाजून वाढविलें होतें. तो हिशेब कोणत्याही पंचनाम्यांत बसत नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दिवा पाहून बिबट्या हमखास पळतो, असा आमचा दावा नाहीं. खरें संरक्षण म्हणजे चारी बाजूंनीं व वरूनही जाळीनें बंद केलेला गोठा होय, आणि तो आम्हीं त्याच आठवड्यांत करून घेतला. परंतु अंधारांत जाणें-येणें, रात्रीं उठून जनावर पाहणें, पाण्याची पाळी संभाळणें, ह्या सर्वांस दिवा हवाच. आणि जो दिवा नेमका झडीच्या रात्रीं दगा देतो, तो नसलेला बरा, कारण त्याच्या भरंवशावर माणूस गाफील राहतो.

त्या सकाळीं बॅटरीच्या टोकांस मल्टिमीटर लावून पाहिला, तर १०.४ व्होल्ट! म्हणजे ती पार निथळली होती. दिवे थेट बॅटरीच्या टोकांस जोडलेले असल्यामुळें त्यांस मध्येंच तोडणारें कांहींच नव्हतें. मग आम्हीं कचेरींतल्या संवयीनें एक कोरी वही घेतली, डाव्या पानावर जमा व उजव्या पानावर खर्च असें लिहिलें, आणि जें बसविण्यापूर्वीं करावयाचें तें बसविल्यानंतर केलें.

खर्चाची बाजू सोपी आहे. ९ वॅटचे दोन दिवे बाहेर बारा तास, म्हणजे २१६ वॅट-तास. घरांतील तसेच दोन दिवे चार तास, म्हणजे ७२. सरळ प्रवाहावर चालणारा २८ वॅटचा पंखा आठ तास, म्हणजे २२४. फोन भरण्यास ३०. एकूण ५४२ वॅट-तास. त्यास १२ व्होल्टांनीं भागिलें असतां सुमारें ४५ अँपिअर-तास होतात. इतकें रोज रात्रीं बॅटरींतून निघतें. परंतु शिशाची बॅटरी जितकें घेते तितकें परत देत नाहीं. कांहीं भाग उष्णतेंत व वायूंत जातो. ४५ परत मिळावयाचे तर तिच्यांत सुमारें ५२ भरावे लागतात.

जमेच्या बाजूस चूक होते. १०० वॅटचें छत्तीस घरांचें पॅनेल भर उन्हांत सुमारें साडेपांच अँपिअर देतें. दोन पॅनेलें मिळून ११. पण तें भर ऊन दिवसभर नसतें. सकाळचें तिरपें ऊन, दुपारचें, सायंकाळचें, हें सर्व एकत्र करून भर उन्हाचे किती तास होतात तें पाहावयाचें असतें. आमच्या वहीप्रमाणें उन्हाळ्यांत असे साडेपांच तास पडतात. अकरा गुणिले साडेपांच, म्हणजे ६०, खर्च ५२, शिल्लक आठ. विक्रेत्याचें म्हणणें खोटें नव्हतें, तें फक्त वैशाखापुरतें खरें होतें! झडीच्या दिवसांत हेच तास अडीचावर येतात. मग जमा होतात जेमतेम २७, त्यांतून परत मिळणारे २३-२४, आणि खर्च मात्र ४५ चाच राहतो. रोज एकवीस-बावीसची तूट. १५० चें भांडवल ह्या तुटीनें सात दिवसांत संपतें. आमचे दिवे सातव्या रात्रीं विझले. हा भागाकार आम्हीं माघांत केला असता तर पुढचें सर्व टळलें असतें. पैसेवारी कधीं एका चांगल्या वाफ्यावरून लावावयाची नसते हें आम्हांस आयुष्यभर ठाऊक होतें, आणि स्वतःच्या घरावर मात्र आम्हीं तेंच केलें.

त्यांत भर शेवग्याची. पॅनेलें बसविलीं तेव्हां आंगणांतील शेवगा छपराखालीं होता. शेवगा किती झपाट्यानें वाढतो हें वाचकांस सांगणें नको. श्रावणापर्यंत त्याची एक फांदी दुपारीं दोननंतर एका पॅनेलाच्या कोपऱ्यावर सावली टाकूं लागली. कोणी म्हणेल, कोपऱ्यावर सावली पडली तर कोपऱ्यापुरतेंच नुकसान. तसें नाहीं. पॅनेलांतील छत्तीस घरें एकामागून एक अशीं एकाच माळेंत ओंवलेलीं असतात. पाटास एके ठिकाणीं दरड पडली म्हणजे खालच्या सर्व वाफ्यांचें पाणी जसें तुटतें, तसाच एका घरावर सावली पडतांच त्या ओळीचा प्रवाह रोडावतो. शेवगा आम्हीं छाटला. घरच्या मंडळींचें म्हणणें, शेंगा ठेवून पॅनेल हलवावयाचें होतें. तो वाद अद्याप मिटलेला नाहीं.

आतां बॅटरी म्हणजे काय वस्तु आहे तें थोडक्यांत. फ्रान्स देशांतील गास्तों प्लांते ह्यानें इ. स. १८५९ मध्यें शिशाचे पत्रे गंधकाम्लांत बुडवून पुन्हां पुन्हां भरतां येईल असा पहिला विद्युद्घट केला, आणि १८८१ सालीं कामीय फोर ह्यानें पत्र्यांवर शिशाच्या भस्माचा लेप देऊन तो बाजारांत चालण्याजोगा केला. सूर्यप्रकाशापासून वीज देणारें सिलिकॉनचें उपयुक्त घर अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें १९५४ सालीं दाखविलें. म्हणजे पॅनेल ही नवी वस्तु, तर तिच्या पोटीं बांधलेली बॅटरी आमच्या पणजोबांच्या काळची.

१२ व्होल्टांच्या बॅटरींत दोन-दोन व्होल्टांचे सहा घट असतात. वीज काढली म्हणजे दोन्ही पत्र्यांवर शिशाचें सल्फेट चढतें व आम्ल पातळ होतें. वीज भरली म्हणजे तें सल्फेट परत विरघळतें व आम्ल दाट होतें. सल्फेट ताजें असतांनाच भरणा केला तर तें निमूटपणें विरघळतें. तसेंच पडूं दिलें तर त्याचे कठीण खडे बनतात आणि मग कितीही भरा, तितका भाग कायमचा बाद होतो. आमच्या बॅटरीचें हेंच झालें. झड ओसरल्यावर कारागीर येईपर्यंत ती बारा दिवस रिकामी पडून होती. पुढें ती भरली गेली, पण तिची क्षमता निम्म्यावर आली आणि दुसरे वर्षीं बदलावी लागली. थकबाकी ताजी असतां वसूल होते, जुनी झाली कीं बुडीत खात्यांत जाते, हा नियम येथेंही लागू आहे.

ह्यावरून बॅटरी अर्ध्याखालीं कधीं उतरूं देऊं नये. १५० ची बॅटरी घेतली तर ७५ चीच आहे असें समजावें. ट्रॅक्टरची बॅटरी ह्या कामास घेऊं नये, हेंही ओघानेंच आलें. तिचे पत्रे पातळ व पुष्कळ असतात, कारण तिला क्षणभर मोठा झटका द्यावयाचा असतो; रोज रात्रभर हळूहळू रिती होणें हें तिचें काम नव्हे. आमच्या शेजाऱ्यांनीं जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी अशी लाविली होती. ती दिवाळीपर्यंतही टिकली नाहीं.

दुसऱ्या खेपेस आम्हीं काय केलें तें आतां क्रमानें सांगतों. तिसरें पॅनेल घेतलें, त्यामुळें प्रवाह साडेसोळा अँपिअर झाला. ट्युब्युलर बॅटरीस तिच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे आमच्या बॅटरीस पंधराच्या आसपास, प्रवाह मानवतो. पांचव्या हिश्श्याहून अधिक देऊं नये. फारच कमी दिला तरीही बाधतें, कारण तळाशीं आम्ल दाट व वर पातळ असे थर बसतात. शिवाय श्रावणांत पंखा बंद ठेवावयाचा असें ठरविलें. त्या दिवसांत त्याची गरजही नसते. पंखा वजा जातां रात्रीचा खर्च ३१८ वॅट-तास, म्हणजे साडेसव्वीस अँपिअर-तासांवर येतो. त्यासाठीं भरावे लागतात तीस-एकतीस. तीन पॅनेलें अडीच तासांच्या उन्हांतही एकेचाळीस देतात. आणि सूर्य मुळींच दिसला नाहीं तरी बॅटरीच्या वरच्या अर्ध्या भागावर जवळजवळ तीन रात्री निघतात.

पॅनेलांचें तोंड दक्षिणेस असावें. दिशा ठरविण्यास होकायंत्र नसेल तर कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत केव्हांही अंगणांत ओळंब्यानें सरळ काठी रोवावी आणि तिची सर्वांत आखूड सावली पाहावी. ती नेमकी उत्तरेस पडते. मात्र ती बाराच्या ठोक्यास शोधूं नये. आपलें घड्याळ आमच्या तालुक्याच्या पुष्कळ पूर्वेकडील रेखावृत्तावर लाविलेलें आहे, त्यामुळें जुन्नराकडे खरा मध्यान्ह साडेबाराच्या सुमारास होतो. कल अक्षांशाइतका, म्हणजे आमच्याकडे एकोणीस-वीस अंश ठेवावा. पॅनेल एक मीटर लांबीचें असेल तर मागची कड पुढच्या कडेपेक्षां ३४ सेंटिमीटर उंच आली कीं वीस अंश साधले. पाया बळकट हवा, बोल्ट गंज न चढणारे हवे. वळिवाचा वारा पॅनेलास पतंगासारखें उचलूं पाहतो. छपराच्या पत्र्यास अगदीं चिकटवून बसवूं नये, खालून वारा खेळूं द्यावा. पॅनेल तापलें कीं कमी वीज देतें. २५ अंशांवर दर अंशास शेंकडा ०.४ च्या आसपास घट येते, आणि वैशाखांत पॅनेलाची पाठ साठ अंशांवर सहज जाते. दर पंधरवड्यास सकाळीं, पॅनेल थंड असतांना, ओल्या फडक्यानें धूळ पुसावी.

पॅनेल व बॅटरी ह्यांच्या मध्यें चार्ज कंट्रोलर पाहिजेच पाहिजे. तो दोन प्रकारचा मिळतो. साधा, ज्यास पी. डब्ल्यू. एम. म्हणतात, तो पॅनेलास बॅटरीच्याच दाबावर खेंचतो. १८ व्होल्टांचें पॅनेल १३ व्होल्टांवर चाललें म्हणजे शंभरांतील सुमारें बहात्तर वॅटच पदरीं पडतात. दुसरा, एम. पी. पी. टी., हा जास्त दाब उतरवून त्याचा प्रवाह करतो. छत्तीस घरांच्या लहान पॅनेलांस साधा चालतो. परंतु हल्लीं बाजारांत ५४० वॅटचीं मोठीं पॅनेलें दर वॅटास स्वस्त पडतात, म्हणून कित्येकजण तेंच आणून १२ व्होल्टांच्या बॅटरीस साध्या कंट्रोलरनें जोडतात. त्या पॅनेलाचा दाब चाळिसाच्या पुढें, प्रवाह मात्र तेरा अँपिअरच. तेरा गुणिले तेरा, म्हणजे ५४० पैकीं १६९ वॅट हातीं येतात! शिवाय तितका दाब साध्या कंट्रोलरास सोसेल कीं नाहीं हा प्रश्न वेगळाच. मोठें पॅनेल घ्यावयाचें तर एम. पी. पी. टी. च घ्यावा, नाहीं तर लहानच बरें.

कंट्रोलरांत आंकडे बसवावे लागतात, आणि ते कारखान्यांतून आलेले तसेच ठेवणें ही दुसरी मोठी चूक होय. आमच्या कंट्रोलरास दिवे तोडण्याचा आंकडा १०.७ व्होल्ट असा दिलेला होता. तो म्हणजे घर जळाल्यावर बंब बोलाविण्यासारखा. आम्हीं तो ११.८ केला. भरण्याचा वरचा दाब १४.४ आणि भरल्यावर टिकवून धरण्याचा १३.६ ठेविला, बॅटरीसोबत मिळणाऱ्या कागदावर निराळे आंकडे असतील तर तेच प्रमाण मानावे. हे आंकडे साधारण हवेचे आहेत. तपमान दर अंश वाढलें कीं भरण्याचा दाब सुमारें ०.०२४ व्होल्टनें उतरावा लागतो, थंडींत तितकाच चढवावा लागतो. बेताळीस अंशांच्या दुपारीं १४.४ च्या जागीं १४.० पुरे. तपमान ओळखणारी तार असलेला कंट्रोलर हें काम आपोआप करतो. नसेल तर उन्हाळ्यास व हिवाळ्यास आपण हातानें बदलावें. बॅटरी चार पंचमांश भरेपर्यंत भराभर घेते, शेवटचा पंचमांश मात्र रडतखडत, कित्येक तासांनीं पुरा होतो. म्हणून दुपारीं चार वाजेपर्यंत भरणा संपेल इतकें पॅनेल असावें, नाहींतर तो शेवटचा हिस्सा रोजच राहून जातो आणि त्याचेच खडे होतात.

जोडण्याचा क्रम पाठ करून ठेवावा. प्रथम बॅटरी कंट्रोलरास, मग पॅनेल, शेवटीं दिवे. सोडवितांना उलट. पॅनेल आधीं जोडलें तर कंट्रोलरास बॅटरी किती व्होल्टांची आहे तें कळत नाहीं आणि कित्येक कंट्रोलर त्याच क्षणीं निकामी होतात. बॅटरीच्या धन टोकाजवळ, वीतभर अंतरांत, फ्यूज असलाच पाहिजे. १२ व्होल्टांचा माणसास झटका बसत नाहीं म्हणून लोक निष्काळजी राहतात; पण दोन टोकांवर पाना आडवा पडला तर तो लाल होऊन वितळतो. पॅनेलें समांतर जोडलीं असतील तर प्रत्येकीस आपापला फ्यूज द्यावा, आणि सांगाड्यास आर्थिंग.

तारेच्या जाडीविषयीं कांटकसर करूं नये. पॅनेल ते बॅटरी दहा मीटर अंतर असेल तर जातां-येतां वीस मीटर तांबें झालें. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेंत पंधरा अँपिअर वाहतांना दीड व्होल्ट वाटेंतच मुरतो. १० चौरस मिलिमीटरची घातली तर अर्ध्या व्होल्टाच्या थोडें वर. कंट्रोलरास १४.४ दिसतात व बॅटरीस पोंचतात तेराच, असा प्रकार आम्हीं एका परिचितांच्या घरीं पाहिला. ते वर्षभर बॅटरी बनविणाऱ्यास दोष देत होते. कंट्रोलर बॅटरीशेजारींच असावा आणि लांब अंतर पॅनेलाच्या बाजूस पडावें.

इन्व्हर्टरविषयीं एवढेंच कीं, तो टाळतां येईल तर टाळावा. दिवे व पंखे आतां १२ व्होल्टांचेच मिळतात. इन्व्हर्टर नुसता चालूं ठेविला तरी कांहीं कांहीं पंधरा वॅट खातात. चोवीस तासांत ते ३६० वॅट-तास झाले, आणि आमचा दिव्यांचा सबंध रात्रीचा खर्च ३१८! तसेंच बॅटरीवर पंप चालविण्याचा विचार कोणी मनांत आणूं नये. तीन अश्वशक्तीचा पंप तासाभरांत दोन हजार वॅट-तासांहून अधिक मागतो, आणि आमची बॅटरी पुरती निथळली तरी अठराशेच देईल. २०१९ सालीं सुरू झालेल्या कुसुम योजनेंतील सौरपंप बॅटरीशिवाय, थेट उन्हावर चालतात, तें ह्याच कारणानें. त्यांची विहिरीतील शिल्लक हीच बॅटरी.

बॅटरीची जागा सावलींत, थंड व हवेशीर असावी. तपमान दहा अंशांनीं चढलें कीं आयुष्य सुमारें निमपट होतें, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. आमची पहिली बॅटरी पत्र्याच्या खोलींत होती. दुसरी उत्तरेच्या ओट्यावर, जाळीच्या पेटींत, लांकडी फळीवर ठेविली आहे. भरण्याच्या शेवटीं तिच्यांतून हायड्रोजन वायु निघतो. हवेंत तो शंभरीं चार भागांहून अधिक झाला तर ठिणगीनें स्फोट होतो. म्हणून देव्हाऱ्याची खोली, चुलीची खोली व माणसें निजतात ती खोली ह्यांपैकीं कोठेंही बॅटरी नको, आणि तिच्यापाशीं विडी तर नकोच नको.

पाणी घालावयाचें तें बाटलींत मिळणारें ऊर्ध्वपातित पाणीच. विहिरीचें किंवा कालव्याचें पाणी, कितीही नितळ असो, त्यांतील क्षार पत्रे खातात. पाणी बॅटरी भरल्यावर घालावें. आधीं काठोकाठ घातलें तर भरतांना तें फुगून बाहेर येतें. पत्रे उघडे पडले असतील तेवढेच आधीं बुडवावे. ॲसिड वरून कधींही घालूं नये, कारण उडतें तें पाणी, ॲसिड नव्हे. काम करतांना डोळ्यांस चष्मा हवा. अंगावर उडालें तर भरपूर पाण्यानें धुवावें, जमिनीवर सांडलें तर खाण्याचा सोडा टाकावा. टोकांवर पांढरीं-हिरवीं बुरशी चढते ती सोड्याच्या पाण्यानें धुवून वर व्हॅसलीन लावावें. झालें.

वहींत काय लिहावें? दर रविवारीं सकाळीं, पॅनेलावर ऊन पडण्यापूर्वीं, दिवे बंद करून तासाभरानें व्होल्ट. आणि महिन्यांतून एकदां हायड्रोमीटरनें सहाही घटांची घनता. येथें एक गोम आहे. पुष्कळ छापील तक्त्यांत भरलेल्या बॅटरीचे १२.७ व्होल्ट दिलेले असतात. तो आंकडा मोटारीच्या बॅटरीचा, जिचें आम्ल १.२८० घनतेचें असतें. आपल्याकडील ट्युब्युलर बॅटरींत आम्ल १.२४० च्या आसपास असतें, आणि तिची विश्रांतीची पूर्ण पातळी साडेबारा व्होल्ट. घनतेंत ०.८४ मिळवून सहानें गुणिलें कीं हे आंकडे निघतात. कोणीही पडताळून पाहावे. हा भेद न कळल्यामुळें आम्ही पहिल्या वर्षीं भरलेली बॅटरी अपुरी समजून घाबरत होतों. साधारण १२.१ दिसले कीं ती निम्म्यावर आली असें समजावें.

लिथियमच्या बॅटऱ्या हलक्या असतात, अधिक खोल उतरल्या तरी टिकतात, पाणी मागत नाहींत. पैका हातीं असेल त्यानें अवश्य घ्याव्या. आम्ही शिशावरच राहिलों तें दोन कारणांनीं: बिघडली तर तालुक्याच्या गांवीं समजणारा माणूस मिळतो, आणि मेलेल्या बॅटरीचेंही शिसें विकलें जातें. मात्र ती भंगारवाल्यास देऊं नये; तो आम्ल ओढ्यांत ओततो व शिसें उघड्यावर वितळवितो, आणि तें विष शेवटीं लेंकरांच्या रक्तांत जातें. २०२२ च्या नियमांप्रमाणें जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी बनविणाऱ्यांवर आहे. नवी घेतांना जुनी दुकानींच द्यावी व बिलांत तिची रक्कम वजा करून घ्यावी.

ह्या ज्येष्ठाच्या आरंभीं आम्हीं सहाही घट तपासले. पांचांची घनता १.२३५ ते १.२४० निघाली, तिसऱ्याची १.२१०. कंट्रोलरास एकदां समतोल भरणा देण्याची सोय आहे. झांकणें सैल करून, दार उघडें ठेवून, दोन उन्हाचे दिवस तो दिला. तिसरा घट १.२३० वर आला. पाऊस सुरू होण्यापूर्वीं त्यास पुन्हां पाहावयाचें आहे, आणि शेवग्याची एक नवी फांदी पन्हळीपर्यंत पोंचली आहे, तीही.